गावच्या अग्निशामक दलाचा इतिहास लिहायचाय? आधी बंबाचे कागद काढा

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, कुर्डुवाडी, अगदी मैंदर्गी-दुधनी. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेच्या अग्निशामक विभागाचा इतिहास लिहायला घेतला की पहिला प्रश्न स्थापनेच्या सालाचा येतो आणि बहुतेक लिखाण तिथेच घसरतं. जुना कर्मचारी एक साल सांगतो, स्मरणिकेत दुसरं छापलेलं असतं, इमारतीच्या कोनशिलेवर तिसरंच. तिन्ही खरी असू शकतात, कारण लहान गावात असा विभाग एका दिवशी उभा राहत नाही. म्हणून एक साल शोधत बसू नका, पाच तारखा शोधा: पहिलं आग विझवायचं यंत्र घेण्याचा ठराव, ते यंत्र प्रत्यक्ष आल्याची नोंद, फक्त याच कामासाठी पगारी माणसं नेमल्याची तारीख, अंदाजपत्रकात विभागाला स्वतंत्र लेखाशीर्ष मिळाल्याचं वर्ष आणि बंब उभा करायला बांधलेल्या जागेचं वर्ष. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत वीस-पंचवीस वर्षांचं अंतर निघालं तर दचकू नका. मधल्या काळात पंप पाणीपुरवठ्याच्या किंवा आरोग्य खात्याच्या माणसांच्या ताब्यात असायचा. आग लागली की तेच धावायचे आणि त्यांचा पगार त्याच खात्यात पडायचा.

कागद कुठल्या क्रमाने काढायचे

सुरुवात अंदाजपत्रकापासून करा, ठरावापासून नको. ठरावपुस्तकं शेकडो पानांची असतात आणि त्यांना सूची नसते. अंदाजपत्रक वर्षाला एकच, शिवाय त्यात खर्च कुठल्या साली उडी मारतो ते लगेच दिसतं. जुन्या अंदाजपत्रकांत अग्निशमन असा मथळा शोधाल तर हात हलवत परत याल. तो खर्च सार्वजनिक सुरक्षिततेच्या सदरात दिवाबत्तीच्या शेजारी बसलेला असतो. रॉकेलचे दिवे, दिवेवाले, आगीचा पंप असं सगळं एका सदरात. ज्या वर्षी त्या सदरात एकदम मोठी रक्कम दिसेल, त्या वर्षाच्या आधीच्या बारा ते अठरा महिन्यांतलं ठरावपुस्तक उघडा. तिथे ठराव क्रमांक मिळेल. ठरावावरून दरपत्रकं, मग खरेदीची फाइल, मग डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही.

डेडस्टॉक रजिस्टर सोन्यासारखं आहे आणि ते कोणी मागत नाही. यंत्र कोणत्या तारखेला, कितीला, कुणाकडून आलं आणि किती फूट होज (पाणी मारायचा पाइप) सोबत आला, हे सगळं तिथे एका ओळीत असतं. त्याच ओळीच्या शेवटी निर्लेखनाचा (यंत्र मोडीत काढल्याचा) शेरा, म्हणजे यंत्राचा जन्म आणि मृत्यू एकाच पानावर. निर्लेखनानंतरच्या लिलावाची नोंद मिळाली तर घेणाऱ्याचा माग निघतो. जुन्या, गाडीमागे ओढायच्या ट्रेलर पंपाचं इंजिन काढून विहिरीवर बसवलेलं असण्याचीही शक्यता असते.

कागद शिल्लक आहेत का, याचा अंदाज अभिलेखांच्या वर्गावरून येतो. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क'मधले पाच-दहा वर्षांचे, 'ड' एका वर्षाचा. सभेची इतिवृत्तं कायमची ठेवायची असतात, म्हणून ती बहुधा सापडतात. वर्दी (आगीची खबर) रजिस्टर आणि गाडीचं लॉगबुक मात्र मुदत संपली की नष्टीकरणाच्या यादीत जातं. ती यादीही मागा. कुठली वही कधी नष्ट केली हे कळलं की नसलेल्या वहीच्या मागे महिनोन्महिने फिरणं वाचतं.

मुख्याधिकाऱ्यांना आधी साधं पत्र द्या, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर रेकॉर्ड रूम उघडते. नाही उघडली तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तराची मुदत ३० दिवस. "अग्निशामक विभागाचा इतिहास द्यावा" असं लिहाल तर उत्तर ठरलेलं आहे: माहिती तयार करून देता येत नाही. त्याऐवजी वहीचं नाव, वर्षाची मर्यादा आणि अवलोकन, एवढंच मागा. असं:

"नगरपरिषदेच्या अग्निशामक विभागाशी संबंधित पुढील अभिलेखांचे प्रत्यक्ष अवलोकन करू द्यावे: (१) सन १९५० ते १९७५ या काळातील सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, (२) याच काळातील वार्षिक अंदाजपत्रके, (३) अग्निशामक साहित्याचे डेडस्टॉक रजिस्टर. अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या प्रती घ्यावयाच्या आहेत."

अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, त्यापुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. प्रतीला पानामागे २ रुपये. सरसकट प्रती मागितल्या तर हजार पानांचं बिल येतं आणि त्यातली नऊशे पानं गटारीच्या ठरावांची निघतात. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मोजके अपवाद वगळता नाकारता येत नाही. कायद्याचं कलम ८(३) ते सांगतं, अर्जात त्याचा उल्लेख केलेला बरा.

नगरपरिषदेबाहेरचे कागद

पोलीस ठाण्यात 'आकस्मिक जळीत' म्हणून स्वतंत्र नोंद असते. तिला जोडून पंचनामा असतो. महसुलाकडे तलाठ्याचा पंचनामा असतो, विशेषतः कडब्याच्या गंज्या, गोठे आणि उसाच्या फडांच्या आगींचा. तिसरा साठा व्यापाऱ्यांच्या कपाटात. विम्याच्या दाव्याला अग्निशामक विभागाचा दाखला लागतो, त्यामुळे नगरपरिषदेची वही नष्ट झाली तरी जिनिंगवाल्याकडे, पेठेतल्या कापड दुकानदाराकडे किंवा यंत्रमाग कारखानदाराकडे दाखल्याची प्रत मिळू शकते. त्यावर वर्दीची वेळ, गाडी निघाल्याची वेळ आणि आगीचं कारण असतं.

दंगलीतली किंवा आंदोलनातली जाळपोळ आगीच्या नोंदीत शोधू नका. ८ मे १९३० ला सोलापुरात पोलिसांच्या गोळीबारानंतर जमावाने कोर्टाच्या इमारतीला आग लावली आणि पुढे शहरात लष्करी कायदा आला. या घटनेचे कागद गृह विभागाच्या दप्तरात, मुंबईच्या पुराभिलेखागारात. नगरपालिकेच्या त्या वर्षीच्या हिशेबात फार तर पाण्याचा किंवा मजुरीचा किरकोळ खर्च दिसेल.

वर्तमानपत्रांसाठी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या अंकांचे खंड विचारा. मोठी आग शोधताना घटनेच्या दुसऱ्या दिवसाच्या अंकावर थांबू नका, पुढचे आठ दिवस चाळा. पहिल्या बातमीतलं नुकसान अंदाजे असतं, आठवड्याने येणाऱ्या बातमीत पंचनाम्याचा आकडा असतो. बातमीचा, पंचनाम्याचा आणि मालकाने सांगितलेला, असे तीन आकडे निघाले तर तिन्ही शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकापुढे तो कुठून आला ते द्या. सरासरी काढू नका. विम्यासाठी सांगितलेला आणि आयकरासाठी सांगितलेला आकडा एकच असावा अशी अपेक्षाही ठेवू नका.

१८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा आहे, राज्याचं जिल्हा गॅझेटियर १९७७ चं. दोन्हींत गावोगावच्या नगरपालिकांवर मजकूर आहे. तो सांगाड्यापुरता वापरा, त्यावरून बंबाची तारीख ठरवू नका.

अक्कलकोटचा इतिहास लिहिणाऱ्याने वेगळी वाट धरायची. तिथे १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्यामुळे त्याआधीचा खर्च दरबारी हिशेबात. तुळजापूर-नळदुर्गच्या बाजूने आलेले जुने कागद निजामी असतील तर साल फसली (निजामी महसुली सन) असण्याची शक्यता असते. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एक वर्ष पुढे-मागे होतं, म्हणून महिनाही उतरवून घ्या.

आकडे वाचताना

१ एप्रिल १९५७ पूर्वीच्या रकमा रुपये-आणे-पैत आहेत. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. "४-८-०" म्हणजे साडेचार रुपये, चार रुपये ऐंशी पैसे नव्हे. पंपाची क्षमता मिनिटाला गॅलनमध्ये दिलेली असेल तर ४.५४६ ने गुणा: ५०० गॅलनचा पंप सुमारे २,२७० लिटरचा. दाब पौंडांत (चौरस इंचाला) असेल तर १०० पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलो. अडीच इंची होज म्हणजे आजचा ६३ मिलिमीटरचाच. जुन्या खरेदीत "हातपंप" दिसला तर साल बघा. १९७२ च्या दुष्काळानंतरचा असेल तर तो बहुधा बोअरवरचा. त्याच्या कितीतरी आधीचा आणि सोबत होज, नोझल घेतलेली असतील तर तो दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडे दाबून चालवायचा आगीचा पंप.

यंत्राचं वय यंत्रावरूनच

शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं आहे. नगरपरिषदेच्या मागच्या आवारात चाकं जमिनीत रुतलेला बंब उभा असेल तर तो कधीही भंगारात जाईल. मुलाखती नंतर घ्या, आधी त्याचे फोटो काढा.

फोटोत काय हवं: चासिस क्रमांक, पंपावरची पितळी पाटी (बनवणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक), बॉडी बांधणाऱ्याची पाटी, सक्शनचं (पाणी आत घ्यायचं) तोंड आणि डिलिव्हरीची (पाणी बाहेर सोडायची) तोंडं किती. प्रत्येक फोटोत शेजारी स्टीलची पट्टी धरा. पाटीवर रंगाचे थर असतात. ते खरवडू नका, बॅटरी बाजूने तिरकी मारा, उठावाची अक्षरं सावलीत वाचता येतात.

चासिसचं साल आणि बंबाचं साल एक नसतं. चासिस आधी घेतली जाते, बॉडी आणि पंप दुसऱ्याकडून बसवले जातात, मध्ये कित्येक महिने जातात. आरसी बुकावर बनावटीचं वर्ष १९७८ आणि दल मात्र १९८० म्हणतंय, तर दोघंही बरोबर असू शकतात. फोटोत टाटाच्या गाडीच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन पात्यांचा तारा असेल तर चासिस १९५४ ते १९६९ मधली, कारण तो करार तेवढाच होता. टाटा ४०७ दिसली तर फोटो १९८६ नंतरचा. गाडीच्या नंबरची पाटी 'एमएच १३' असेल तर १९८९ नंतरची. बेडफर्डवरून मात्र काही ठरवू नका, त्या चासिस फार वर्षं चालल्या. दुसऱ्या महायुद्धातले हवाई हल्ला संरक्षणाचे ट्रेलर पंप नंतर देशभर ठिकठिकाणी पोचले. चाकांवर बसवलेला, जीप किंवा ट्रकमागे ओढायचा पंप दिसला तर त्याचं बनावटीचं साल आणि गावात आल्याचं साल हमखास वेगळं असणार.

आठवणी तपासायची दोन गणितं

निवृत्त फायरमन, चालक-यंत्रचालक यांना "सगळ्यात मोठी आग कुठली?" असं विचारलं तर दहा वेळा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट मिळते. "पंप पुढे होता की मागे?", "सक्शन कुठल्या बाजूला जोडायचात?", "पाणी कुठून भरायचात?", "रात्री वर्दी कोण घ्यायचं, फोन कुठे होता?" असं विचारा. हाताने केलेलं काम माणूस विसरत नाही, आणि त्या उत्तरांवरून गाडी ओळखता येते. गाडी ओळखली की साल येतं. सोलापुरात आणि अक्कलकोटच्या बाजूला जुनी मंडळी घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असू शकतात. त्यांना त्या भाषेतच बोलू द्या, उतरवायला घरातलं कोणी सोबत घ्या.

पहिलं गणित पाण्याचं. २० मिलिमीटरचं नोझल आणि त्यावर ४ बार दाब असेल तर मिनिटाला सुमारे ५३० लिटर पाणी जातं (नोझलचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, गुणिले दाबाचं वर्गमूळ, गुणिले दोन तृतीयांश). म्हणजे ४,५०० लिटरची टाकी साडेआठ मिनिटांत रिकामी. "आमच्या एका गाडीने दोन तास सलग पाणी मारलं" या वाक्यामागे चौदा टाक्या पाणी लागतं. भरण्याच्या ठिकाणी मिनिटाला ५०० लिटर मिळालं तरी एका भरण्याला नऊ मिनिटं, जाणं-येणं वेगळं. तेव्हा एक तर टँकर होते, नाही तर साखर कारखान्याची गाडी आली होती, नाही तर पाणी सलग नव्हतं. तिन्हींपैकी काय ते विचारा. सांगणारा खोटं बोलत नसतो, टँकरवाल्यांना विसरलेला असतो.

दुसरं गणित विहिरीचं. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर. सोलापूर सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने इथे ती ९.८ च्या आसपास, आणि सक्शनच्या जोडांतली गळती, गाळणी, जुना प्रायमर (सक्शनमधली हवा काढणारं साधन) धरून प्रत्यक्षात सात मीटरच्या खाली पाणी गेलं की पंप धरत नाही. एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यातल्या कित्येक विहिरींचं पाणी त्याखाली असतं. मे महिन्यातल्या आगीला "शेजारच्या विहिरीवरून पाणी घेतलं" अशी नोंद असेल तर ट्रेलर पंप पायऱ्यांनी खाली उतरवला होता का, की विहिरीवरचं मोटारीचं पाणी वापरलं, हे नक्की करा.

हायड्रंटचंही (बंबाला पाणी घ्यायला नळावर ठेवलेल्या तोंडांचंही) असंच. जुन्या नकाशात रस्त्याकडेला हायड्रंट दाखवलेत म्हणून ते चालत होते असं लिहू नका. हायड्रंटला नळात कायम दाब लागतो. पाणी एक दिवसाआड किंवा चार दिवसांआड सुटायला लागलं की बाकीच्या वेळी नळ कोरडा. मग हायड्रंट डांबराखाली जातात आणि बंब टाकीखालच्या भरणा केंद्रावर अवलंबून राहतो. गावात पाण्याच्या पाळ्या कोणत्या वर्षी सुरू झाल्या ते पाणीपुरवठा विभागाकडून काढा. आग विझवण्याची पद्धत त्या सुमाराला बदललेली दिसेल.

अंतरही मोजा. सोलापूर-बार्शी सुमारे ७० किलोमीटर. भरलेला बंब ताशी ४० ने आला तरी पावणेदोन तास. जिनिंगमधला कापूस किंवा पेठेतलं दुकान तेवढा वेळ थांबत नाही. लहान गावांना स्वतःचा बंब का घ्यावासा वाटला, याचं उत्तर ठरावातल्या गोड भाषेपेक्षा या आकड्यात जास्त आहे.

सोलापूर शहराबद्दल लिहीत असाल तर

शहराची १ मे १९६४ ला महानगरपालिका झाली. त्याआधीचे कागद नगरपालिकेच्या कायद्याखालचे, नंतरचे महानगरपालिकेच्या १९४९ च्या अधिनियमाखालचे. त्यात अग्निशामक दल ठेवणं हे बंधनकारक कर्तव्य आहे. (नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम, कलम ४९.) खातेवाटप, पदनामं, अहवालाचा नमुना, सगळं त्या तारखेला बदलतं, म्हणून तक्ते दोन वेगळे करा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी या कापड गिरण्यांचा शोध स्वतंत्र घ्या. गिरण्यांची आग विझवण्याची सोय नगरपालिकेच्या कागदात येत नाही, ती गिरणीच्या कागदात. पुढे काम यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांकडे सरकलं. तिथे सूत, तूस आणि रंग एकाच छपराखाली, वर राहायची खोली, बाहेर पडायला एकच जिना. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. अशी प्रकरणं लिहिताना मृतांची नावं नातेवाइकांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, वर्तमानपत्रात छापून आली असली तरी.

सिद्धेश्वर यात्रेचा जानेवारीतला बंदोबस्त, शोभेच्या दारूकामाच्या रात्रीची ड्यूटी, पंढरपुरात आषाढीची ड्यूटी या नोंदी दरवर्षी येतात, म्हणून लिहिणारे त्या वगळतात. वगळू नका. किती माणसं आणि किती गाड्या लावल्या हे दरवर्षी एकाच प्रसंगाचं मोजमाप मिळतं. तीस वर्षांच्या अशा नोंदी एका तक्त्यात मांडल्या की दल वाढलं की आटलं ते कळतं. मापदंड हवा असेल तर स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा घ्या: तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर ५० हजारांना एक पंप, पुढे दर लाखाला एक. समितीच १९५५-५६ च्या सुमाराची, तेव्हा १९४० सालच्या नगरपालिकेला त्या फूटपट्टीने मोजणं अन्यायाचं.

१४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाला दलाची स्थापना झाली असं कुठे वाचलंत तर शंका घ्या. तो दिवस १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणाचा. स्थानिक स्थापनेची तारीख माहीत नसली की कोणीतरी तोच दिवस चिकटवून देतं.

फोटो आणि साठवण

वह्यांचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. वही सपाट दाबून उघडू नका, दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी केलेली चादर सरकवा म्हणजे शिवण तुटत नाही. कसर लागलेलं पान बोटाने नाही, कोऱ्या जाड कागदाने उलटा. प्रत्येक वहीचं मुखपृष्ठ आधी टिपा, नंतर आतली पानं. फाइलला नाव देताना साल-महिना-दिवस, मग वहीचं नाव, मग पान क्रमांक. मोबाइलने दिलेली नावं तशीच ठेवलीत तर दोन महिन्यांनी कुठलं पान कुठल्या वहीचं हे सांगता येत नाही आणि सगळं काम पुन्हा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर वाचणाऱ्याकडून ओळीला ओळ लिप्यंतर करून घ्या, सारांश नको. सारांशात पहिले आकडेच गळतात.

मसुदा छापायच्या आधी चालकांना वाचून दाखवा, अधिकाऱ्यांना नंतर. गाडीचा क्रमांक, टाकीचे लिटर, कुठल्या वर्षी क्लच बदलला, हे चालक पकडतात. एक प्रत बंबखान्यात ठेवताना डावीकडे मजकूर आणि उजवीकडे कोरं पान अशी बांधून घ्या, सोबत दोरीने पेन. दुरुस्त्या त्या पानावर येऊ द्या आणि दर सहा महिन्यांनी त्यांचे फोटो घ्या.